उतरता हर्रास

भाव वाढवण्याच्या कामात आमच्या साडभाऊंचा हात धरील असा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात झाला नाही आणि पुढंही व्हायचा नाही, हे मी पूर्ण जबाबदारीनं सांगतो. जबाबदारीनं अशासाठी, की मी इंग्रजीचा मास्तर. पोरांच्या निबंधांतली अतिशयोक्ती लाल शाईनं खोडण्यात माझा जन्म गेला. साडभाऊ म्हणजे साडू. आमच्याकडे नुसतं साडू म्हटलं की कोरडं वाटतं, भाऊ जोडला की नातं भरल्यासारखं होतं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहायला केनवडला, आणि नोकरी धान्याच्या बाजारात हर्रास बोलण्याची. यार्डात सोयाबीनचे, तुरीचे, हरभऱ्याचे ढीग ओळीनं लागलेले असतात, व्यापारी एकेका ढिगाभोवती कोंडाळं करतात, आणि मधोमध उभा राहून जो माणूस भाव पुकारत पुकारत वर चढवतो, तो हर्रास बोलणारा. तीस वर्षं साडभाऊंनी दुसरं काही केलं नाही. व्यापारी गप्प झाले की ते त्यांच्याकडे असं बघायचे, की त्या बिचाऱ्यांना आपण कुणाच्या तरी लेकराच्या तोंडचा घास काढतोय असं वाटायचं आणि आणखी दहा रुपये निघायचे. शेतकरी लांबलांबून माल घेऊन यायचे आणि आधी विचारायचे, आज बोलायला कोण आहे?

यार्डात ही गोष्ट सोन्यासारखी होती. घोळ व्हायचा तो यार्डाबाहेर. कानावर आकडा पडला की त्यांना राहवत नसे. भाजीवाली बाई म्हणाली वांगी चाळीस, की हे म्हणायचे बेचाळीस, आणि वर तिच्याचकडे बघून विचारायचे, "बोला, अजून कोनी?" दुसरं कोणी नसायचंच. बेचाळीसची वांगी घरी यायची. एकदा डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि नर्सला लिहून घ्यायला सांगितलं, एकशे चाळीस. साडभाऊ पडल्या पडल्या म्हणाले, "एकशे पंचेचाळीस!" डॉक्टरांनी पट्टा पुन्हा बांधला, तर तो खरोखरच एकशे पंचेचाळीस निघाला. नवरात्र संपलं की गावात देवीच्या साड्यांचा हर्रास होतो, आणि तो बोलायचा मान अर्थातच यांचा. एका वर्षी बोलीला माणसंच कमी होती. देवीची साडी अशी स्वस्तात जावी हे त्यांना सहन होईना. मग लोकांच्या वतीनं हेच भाव वाढवत गेले आणि शेवटी तीन साड्या स्वतःच्याच अंगावर घेऊन घरी आले. तिन्ही हिरव्या. माझी थोरली मेहुणी, म्हणजे आमच्या सगळ्यांची ताई, त्यांच्याकडे नुसती बघत राहिली आणि मग म्हणाली, "बाजारात लोकायचे ढीग इकता, अन् घरी येताना आपलाच ढीग करून येता." त्या दिवसापासून घरातली खरेदी ताईनं आपल्या हातात घेतली, आणि साडभाऊंना बाजारात जायचं असेल तर पिशवी न देता पाठवू लागली.

आवाजाचं तर विचारूच नका. त्यांचं गुपित बोलणं रस्त्याच्या पलीकडे ऐकू जातं. कुणाच्या घरी माणूस गेलं तर त्यांना आत न नेता ओसरीवरच बसवतात, कारण त्यांनी धीर दिला की निजलेली लेकरं दचकून उठतात. मला मात्र त्यांचा लळा होता. आमच्यासारखी मास्तर माणसं बोलण्याआधी वाक्य मनात तपासून घेतात. हा माणूस आधी बोलायचा आणि मग आपण काय बोललो ते आपल्याच कानांनी ऐकायचा.

ते निवृत्त झाले त्या पावसाळ्यानंतर आमच्या सासूबाई अंगणात घसरून पडल्या. सासूबाई आसेगावला एकट्या राहायच्या. सासरे जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नाही, दोन लेकीच. मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघेपर्यंत दोघी बहिणी आळीपाळीनं जाऊन राहिल्या. पण हात पहिल्यासारखा झाला नाही, पाण्याची बादली उचलवेना, आणि आता ह्यांना एकटं ठेवायचं नाही हे सगळ्यांनाच कळलं. ठेवायचं कुठं, हे मात्र कोणी बोलत नव्हतं. म्हणजे बायका बोलत होत्या. आम्ही दोघं जावई बोलत नव्हतो.

अशातच एके सकाळी साडभाऊ वाशीमला माझ्या दारात उभे राहिले. तासाभराचा रस्ता, फोन नाही, निरोप नाही. मला वाटलं, सासूबाईंचा विषय घेऊन आले. पण त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली, चष्मा लावला आणि म्हणाले, "मास्तर, अंडरबिड म्हंजे काय?"

झालं होतं असं, की ताईच्या बचत गटाला गावच्या शाळेच्या गणवेशांची शिलाई हवी होती. त्याची चौकशी करायला हे पंचायत समितीत गेले, तर तिथला बाबू म्हणाला, काका, काम पाहिजे असेल तर अंडरबिड करावं लागेल. "मले वाटलं काई फारम भराचा असन," साडभाऊ म्हणाले, "म्या म्हनलं, करतो नं, त्यात काय! घरी आल्यावर इचार केला, बाप्पा, करतो म्हनलं, पन काय करतो?"

"हे फोनवर विचारायचं ना," मी म्हणालो.

"इंग्रजी शब्द फोनवर समजत नाई मास्तर. समोर बसून मानसाचं तोंड पाहा लागते."

मी त्यांना समजावलं. एखाद्या कामासाठी चारजण आपापला दर सांगतात, तेव्हा दुसऱ्यापेक्षा कमी दर सांगून काम आपल्याकडे ओढायचं, त्याला अंडरबिड करणं म्हणतात. साडभाऊंनी ते डायरीत लिहून घेतलं. मग पेन तसंच धरून बसले.

"म्हंजे कमी बोलनारा जित्ते?"

"हो."

"अन् जास्त बोलनारा?"

"तो घरी जातो."

माझ्या बायकोनं चहा आणून ठेवला. तो संपेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. आमच्या ओळखीत इतका वेळ ते पहिल्यांदाच गप्प राहिले असतील. मग म्हणाले, "मंग आमी तीस वर्सं उलटंच काम केलं म्हना नं."

मी म्हणालो, उलटं नाही. तिथं माल विकणाऱ्याचं भलं करायचं होतं, इथं काम देणाऱ्याचं भलं आहे. त्यावर त्यांनी विचारलं, "अन् काम करनाऱ्याचं?" हे काही माझ्या शब्दकोशात दिलेलं नव्हतं. मी विषय बदलून त्यांना क्रियापदाची रूपं सांगायला लागलो. तिन्ही काळांत तेच रूप राहतं, हे ऐकून ते जरा खूश झाले. "बराबर हाय. तुटला भाव तं तुटला. काल तुटला काय अन् आज तुटला काय." सासूबाईंना ते आत्याबाई म्हणायचे. जाताना जोडे घालता घालता म्हणाले, "आत्याबाईचा हात काई सुधरत नाई मास्तर." मी म्हणालो, "हो ना, बघायला पाहिजे काहीतरी." दोघांनीही तेवढ्यावरच सोडलं.

पुढं शिलाईचं काम कुणाला द्यायचं ते ठरवायला शाळेत बैठक झाली. तिची हकिगत मला ताईनं सांगितली, आणि ती सांगताना तिला दोनदा पदर तोंडाला लावावा लागला. बंद पाकिटात दोन दर आले होते, एक ताईच्या गटाचा आणि एक रिसोडच्या कुणा शिलाईवाल्याचा. दोन्ही एकशे दहा. हेडमास्तर म्हणाले, समोरासमोर तोडा. शिलाईवाला म्हणाला, एकशे पाच. साडभाऊ उठले. डायरी खिशात होती, अर्थ पाठ होता, शब्द तर वाटेत मोटारसायकलवर घोकलेला होता. पण समोर माणसं बसलेली, कुणीतरी आकडा टाकलेला, आणि गळ्यात तीस वर्षं. "एकशे सात!" ते गरजले. कोणी काही बोलेना, तसं त्यांना वाटलं बोली थंड पडली. म्हणून त्यांनी शिलाईवाल्याकडे बोट केलं, "एकशे आठ! एकशे दहा! बोला शेट, अशी शिलाई पुन्हा भेटनार नाई!" शिलाईवाला हसत होता. दोन मास्तर बाहेर जाऊन उभे राहिले. ताईनं मागून सदरा ओढून त्यांना खाली बसवलं आणि एका दमात म्हणाली, "शंभर. अन् काजं-गुंड्या आमच्याकडून." काम गटाला मिळालं.

साडभाऊंच्या मात्र हे जिवाला लागलं. आपल्याला खाली येता येत नाही, ही गोष्ट माणसाला साठीनंतर कळावी म्हणजे काय. त्यांनी सराव सुरू केला. ताई म्हणाली चहा ठेवू का, की हे म्हणायचे, "अर्धा कप." ती वळली की मागून आवाज यायचा, "पाव." साखर दोन चमच्यांवरून दीड, दीडवरून एक, अशी उतरत गेली. पंखा पाचवरून दोनवर आला. जेवायला बसले की पोळ्या तीन म्हणायचे आणि स्वतःलाच तोडून अडीचवर यायचे. दोन महिन्यांत त्यांची साखर खरोखरच आटोक्यात आली आणि डॉक्टरांनी त्याचं श्रेय आपल्या गोळ्यांना दिलं. मला अधूनमधून फोन यायचा, "मास्तर, आज शंभरापासून एकपर्यंत न थांबता उलटं आलो." मी शाबासकी द्यायचो. छत्तीस वर्षांत माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यानं एका क्रियापदावर इतकी मेहनत घेतलेली नव्हती.

तुरी घरात आल्यावर आसेगावहून निरोप आला. आमचे चुलतसासरे, म्हणजे सासूबाईंचे दीर, त्यांनी दोन्ही जावयांना बोलावलं होतं. ते तिथंच शेजारी राहतात, पण त्यांचंच आता वय झालं. भावजयीकडे ते किती बघणार! सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही समोरच्या खोलीत सतरंजीवर बसलो. दोघी बहिणी आतल्या दाराशी. सासूबाई चुलीजवळच्या पाटावर, वाकडा झालेला हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चुलतसासरे म्हणाले, "वयनीले आता एकटं ठेवता येत नाई. कोन नेते, कसं नेते, ते तुमी दोघं सांगा."

मी तयारी करूनच गेलो होतो. मास्तर माणूस, घरून कागदावर लिहून नेलं होतं. सहा महिने केनवड, सहा महिने वाशीम. त्यांच्या तीन एकराचा मक्ता, म्हणजे शेत कसणारा वर्षाला देतो ते पैसे, त्यांच्या औषधपाण्याकडे जावा. दिवसभरासाठी एक बाई ठेवावी, कारण माझ्या बायकोची कंबर दुखते. आणि आमची वरची खोली जिन्यामुळे त्यांना जमणार नाही, तेव्हा खाली एक न्हाणी बांधून होईपर्यंत पहिले सहा महिने केनवडनं घ्यावेत. चारही अटी योग्य होत्या, हे मी आजही म्हणतो. मी वाचून दाखवलं, कागदाची घडी केली आणि साडभाऊंकडे बघितलं.

साडभाऊंनी घसा साफ केला. मला वाटलं, आता हे वर चढणार. चारच्या पाच अटी होणार. पण ते म्हणाले, "मक्ता नको."

चुलतसासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. साडभाऊ पुढं म्हणाले, "बाई नको. तुमची ताई हाय, मी हाय. "न्हानी हाय आमची खालीच." मग म्हणाले, "सहा महिन्याची वाटनी बी नको. बारमाही."

"अरे पन तुमच्याशिवाय कोनी बोलूनच नाई राह्यलं," चुलतसासरे म्हणाले, "आपलाच भाव कायले तोडून राह्यले तुमी?"

ते हसले, मीही हसलो. पण मला आत कुठंतरी चांगलंच लागलं होतं. मलाही कमी बोलता आलं असतं. माझी जीभ काही कोणी धरून ठेवली नव्हती. त्यांनी मक्ता सोडला तेव्हा मी बाई सोडू शकलो असतो, बारमाही म्हणाले तेव्हा मीही बारमाही म्हणू शकलो असतो. हे क्रियापद शिकवणारा मी, आणि घडी केलेला कागद हातात धरून बसलेलाही मीच. माझ्या बायकोनं दारातून माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

चुलतसासरे म्हणाले, "मंग ठरलं. केनवड." आणि उठायला लागले. मीही उठायला लागलो, खरं सांगायचं तर जरा घाईनंच. साडभाऊ मात्र हललेच नाहीत. यार्डात एक रीत आहे. बोली कितीही चढली आणि व्यापाऱ्यानं कितीही मोठा भाव दिला, तरी तिथं सौदा होत नाही. बोलणाऱ्यानं ढिगाच्या मालकाकडे वळून विचारायचं, दिला का? शेतकऱ्यानं मान हलवली तर सौदा. नाहीतर माल त्याचा, तो पोत्यात भरून परत नेतो. गडबडीच्या दिवसांत पुष्कळ बोलणारे हे विचारणं गिळून टाकतात. साडभाऊंनी तीस वर्षांत एकदाही गिळलं नाही, असं शेतकरी सांगतात. ते बसल्या जागी आतल्या दाराकडे वळले आणि सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, देल्ला का?"

सगळे थांबले. सकाळपासून आम्ही तिघं त्या बाईबद्दल बोलत होतो आणि ती चार हातांवर बसून ऐकत होती. तिला विचारायचं कोणाच्याच मनात आलं नव्हतं. माझ्या कागदावर चार अटी होत्या; त्यात ही नव्हती.

सासूबाईंनी पदर सारखा केला. "नाई देल्ला," त्या म्हणाल्या.

"काहून वं माय?" ताई म्हणाली.

"मले इथंच राहाचं हाय. तुमी दोघीई चांगल्या हा, पोरीहो. पन लेकीच्या घरी सकाळी उठलं का चहाची येळ झाली का ते इचारा लागते. इथं मी माह्या मनानं उठते, माह्या मनानं चहा मांडते, दार उघडून बाहेर बसते. ते मले पाह्यजे. हात गेला तं गेला."

चुलतसासरे वैतागले. म्हणाले, असं कसं चालेल, पडली बिडली तर कोण बघेल. मीही काहीतरी समजुतीचं बोललो. साडभाऊ विचार करत होते. त्यांचा विचार चेहऱ्यावर दिसतो, कारण तेवढा वेळ तोंड बंद असतं. मग ते म्हणाले, "मालकानं नाई म्हनलं. आता ढीग जाग्यावरच राहीन. मंग आमीच येतो इथं."

"घरजवाई?" चुलतसासरे म्हणाले आणि त्यांना हसू आवरेना. "ह्या वयात?"

आमच्याकडे हा शब्द काही कौतुकाचा नाही. पंचविशीतल्या पोराला जरी घरजावई म्हटलं तरी तो गाव सोडून जातो. इथं तर ज्या माणसाच्या आवाजावर व्यापाऱ्यांच्या पिशव्या उघडायच्या, तो एकसष्टाव्या वर्षी बायकोच्या माहेरी वळकटी घेऊन येणार होता. साडभाऊ लाल झाले, पण मागं सरले नाहीत. तेवढ्यात ताई दारातून म्हणाली, "अन् मले इचारलं का तुमी?"

"तुले आता इचारून राह्यलो नं."

"माही मशीन ठेवाले उजेडाची जागा पाह्यजे," ताई म्हणाली, आणि सासूबाई पहिल्यांदाच हसल्या.

त्याला आता तीन वर्षं होऊन गेली. आसेगावच्या लोकांनी पहिले दोन-तीन महिने त्यांना यथेच्छ चिडवलं. पारावरून हाक यायची, "काय घरजवाई, सासूनं जेऊ घातलं का?" हे उत्तर द्यायचे, "घातलं नं. तुले घालते का कोनी?" पुढं लोक कंटाळले. सासूबाई सकाळी आपल्या मनानं उठायच्या, वाकड्या हातानं चहा मांडायच्या, अर्धा सांडायचा, आणि उरलेला साडभाऊ ओट्यावर बसून प्यायचे. ताईला आत जाऊन मदत करायची परवानगी नव्हती. आम्ही सणासुदीला जायचो, फळं न्यायचो, माझी बायको आईच्या डोक्याला तेल लावायची. मी मात्र तिथं फार वेळ बसू शकत नसे. काहीतरी काम काढून उठायचो.

या उन्हाळ्यात सासूबाई गेल्या. आपल्याच घरात, सकाळी, दार उघडून बाहेर बसलेल्या असताना. तेरवी झाल्यावर मी साडभाऊंना म्हणालो, आता केनवडला जाल. ते म्हणाले, "जाऊ नं. पन सकाळी ओट्यावर बसाची आता सवय झाली मास्तर." अजून गेलेले नाहीत.

मीही आता निवृत्त आहे. गुडघे कुरकुर करतात, जिना चढवत नाही. मुलगा पुण्याला असतो, मुलगी नाशकात. परवा दोघं फोनवर बोलत होते आणि मुलगा इथं आलेला असल्यामुळे त्याची बाजू मला ऐकू येत होती. दिवाळीपर्यंत तिच्याकडे, मग पुण्याला. वाशीमचं घर भाड्यानं द्यायचं. लिफ्ट असलेली जागा बघायची. पोरं गुणाची आहेत. सगळ्या अटी योग्य होत्या. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो आणि तो उलटायचं मला सुचत नव्हतं.

दुपारी मी साडभाऊंना सहज फोन लावला. सोयाबीन कसं आहे, ताईची मशीन चालते का, असं इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणालो, पोरं आम्हाला पुण्याला न्यायचं म्हणताहेत.

"ते झालं पोराइचं," ते म्हणाले. "तुमाले कुठं राहाचं हाय, मास्तर?"

मी फोन बायकोच्या हातात दिला. मला कुठं राहायचं आहे ते मी अजून ठरवलेलं नाही. पण त्या दुपारी, पुष्कळ दिवसांनी, मला चांगली झोप लागली.